हक्कसोडपत्र आणि टॅरोचे चार पत्ते

2024 च्या दिवाळीला दोन आठवडे उरले होते. ताई माझ्याकडे आली ती बगलेत एक निळी फाइल मारून, आणि बूड टेकायच्या आधीच म्हणाली, "मला एवढंच सांगा, सही करू का नको?"

मी टॅरोचे, म्हणजे चित्रांचे, पत्ते मांडून लोकांशी त्यांच्या प्रश्नांवर बोलते. हिला मी इथे ताईच म्हणणार आहे. घरी तिला सगळे तेच म्हणतात, आणि या प्रकरणाची अर्धी गुंतागुंत तिच्या ताई असण्यात आहे. लिहायला तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत.

फाइलीत हक्कसोडपत्राचा मसुदा होता. वडील 2021 च्या पावसाळ्यात गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. कराड तालुक्यात कृष्णाकाठी 4 एकर 20 गुंठे बागायत, सगळा ऊस. मागे वारस चौघं: आई, ताई, मधला भाऊ आणि धाकटी बहीण. वारस नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर चार नावं चढली. तोवर कुणाचं काही बिनसलं नव्हतं.

भाऊ बारावीनंतर शेतीत पडला तो आजतागायत. नदीवरून पाइपलाइन त्याने आणली, निम्म्या रानात ठिबक त्याने केलं, वडिलांचं शेवटचं दीड वर्षाचं अंथरूण त्याने आणि भावजयीने काढलं. आई त्याच्याकडेच असते. ताई पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते, नवऱ्याची नोकरी पेन्शनीची, मुलगा बंगळूरला. तिला त्या ऊसाच्या पैशाची गरज नाही, आणि हे ती स्वतःच पहिल्या पाच मिनिटांत तीनदा बोलली. धाकटी इचलकरंजीला. तिचा नवरा यंत्रमागावर जॉबर होता. माग बंद पडत गेले तशी त्याची कामं सुटत गेली, देणी वाढत गेली.

दसऱ्याला भावाने फोन केला. भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारी. दुसऱ्या दिवशी सोमवारी दुय्यम निबंधकांकडे जाऊन दोघी बहिणींनी सही-अंगठा करायचा. "ताई, तू आधी कर, म्हणजे धाकटी पण करंल," असं तो म्हणाला. ताईने हे वाक्य मला सांगितलं, मी ते वहीत लिहिलंही, आणि त्याच्यावरून दोघींची नजर सरळ पुढे निघून गेली. त्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

आमच्याकडे याला रीत आहे. बहिणीने हक्क सोडायचा, भावाने साडीचोळी करायची, आणि माहेर उघडं राहायचं. कुणी ते मोठ्याने बोलत नाही. पण हक्क मागितलेल्या बहिणीला पुढच्या वर्षी भाऊबीजेला कोण बोलावतं, हे प्रत्येक गावाला ठाऊक असतं.

पहिली बैठक

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी थोडा इतिहास ऐकवते, म्हणजे पत्त्यांची भीती उतरते. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत डाव मांडून खेळायला निघाले. त्यांवरून भविष्य सांगणं फ्रान्समधून पसरलं, तेही अठराव्या शतकात. माझ्या टेबलावरचा संच पहिल्यांदा 1909 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. एकूण 78 पत्ते. त्यांना तुमचा सातबारा माहीत नाही आणि तुमचा भाऊही माहीत नाही.

मग उपयोग काय, असं लोक विचारतात. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांना 'खास तुमचं' म्हणून व्यक्तिमत्त्वाचं वर्णन वाटलं. सगळ्यांना एकच कागद दिला होता. मुलांनी त्याला 5 पैकी सरासरी 4.3 च्या आसपास गुण दिले. माणूस सैल शब्दांत स्वतःला भरून घेतो, आणि टॅरोच्या नावाने चाललेली पुष्कळशी फसवणूक यावरच चालते. माझं म्हणणं एवढंच की भरून घेणं उघड्यावर करावं. चित्र समोर ठेवायचं, समोरच्याला त्यात काय दिसतं ते विचारायचं, आणि ते त्याला का दिसलं यावर बोलायचं. सही करायची की नाही, हे मी सांगणार नाही, असं ताईला तेव्हाच स्पष्ट केलं. ती जरा नाराज झाली.

चार जागा ठरवल्या. माझं काय. त्याचं काय. मी दिलं तर ते कुठे जातं. आणि घरात असून जे दिसत नाही ते.

पहिल्या जागेवर फोर ऑफ पेंटॅकल्स आला. मुकुट घातलेला एक माणूस नाणं छातीशी कवटाळून बसलाय, एक नाणं डोक्यावर, दोन पायांखाली. ताईचा चेहराच उतरला. "म्हणजे मी हावरट?" मी म्हटलं, तुम्हाला पहिला शब्द हावरट का सुचला? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सही नको असं मनात आलं ना, तेव्हा मीच मला तो शब्द वापरला होता." तिच्या घरात नाणं धरून ठेवणाऱ्या बाईसाठी दुसरा शब्दच नाही. पुरुषाने धरलं तर तो 'राखून असतो'.

दुसऱ्या जागेवर टेन ऑफ वाँड्स. एक माणूस दहा दांडक्यांची मोळी उचलून वाकून चाललाय, समोर गाव दिसतंय पण त्याचं तोंड मोळीतच खुपसलेलं. ताई एकदम हसली. "अहो, हा तर आमचा भाऊ! ऊसाची मोळी घेऊन चाललाय बघा." आणि हसता हसता रडायला लागली. वडील अंथरुणावर असताना ती दोनदा गेली होती, प्रत्येक वेळी तीन दिवस. भावजय त्यांचं सगळं करत होती, आणि ताई पुण्याहून काजूकतली घेऊन जात होती. हे सगळं तिने त्या मोळीकडे बघत सांगितलं.

भावाला सही का हवी, हेही तेव्हाच निघालं. सातबाऱ्यावर चार नावं असली की सोसायटी पीककर्जाला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती मागते. वेळेत फेडलं तर 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज शेतकऱ्याला बिनव्याजी पडतं. ते हुकलं की खत-लागणीला खासगी सावकार. दोन वर्षं तो बहिणींच्या सह्यांसाठी इचलकरंजी-पुणे करत होता. एकदा धाकटीच्या नवऱ्याने सही द्यायला दोन महिने लावले आणि लागणीचा हंगाम गेला. म्हणजे फाइलीतला मसुदा लोभातून आलेला नव्हता, निदान नुसत्या लोभातून तरी नाही.

तिसऱ्या जागेवर सिक्स ऑफ पेंटॅकल्स. श्रीमंत व्यापारी, एका हातात तराजू, दुसऱ्या हाताने नाणी देतोय. समोर गुडघे टेकलेली माणसं. इथे मी चुकले. चौथ्या जागेवर टेन ऑफ पेंटॅकल्स आला होता, पण वेळ संपत आली होती. 'भरलं घर, तीन पिढ्या' असं काहीतरी बोलून तो मी उरकला. तिसऱ्यावर मात्र मनापासून बोलले. म्हटलं, ज्याच्याकडे आहे त्याने द्यावं, आणि तराजू हातात ठेवून द्यावं, म्हणजे देताना मोजमाप विसरू नये. ताईला ते फार पटलं. भावाच्या कष्टाचं मोल म्हणून सही करायची, असं तिने जवळजवळ ठरवलं, आणि हलकी होऊन गेली.

माझी चूक

मी प्रत्येक मांडणीचा फोटो काढून ठेवते. दोन दिवसांनी टिपण लिहायला बसले आणि तो फोटो मोठा करून पाहिला. सिक्स ऑफ पेंटॅकल्समध्ये गुडघे टेकलेली माणसं दोन आहेत. नाणी पडताहेत ती एकाच्याच हातात. दुसरा नुसता वर बघतोय.

वीस वर्षं हा पत्ता माझ्या हातात आहे. पण त्या दुपारी मी देणाऱ्याच्या जागेवरून तो वाचला, कारण समोर देणारी बसली होती आणि तिचं मोठं मन मला भावलं होतं. वहीतलं ते वाक्य पुन्हा वाचलं: 'ताई, तू आधी कर, म्हणजे धाकटी पण करंल.'

मसुदा ताईने मला व्हॉट्सॅपवर पाठवला होता. लिहून घेणार म्हणून एकट्या भावाचं नाव होतं. म्हणजे ताईने सोडलेला वाटा आईला जाणार नव्हता की धाकटीला. आणि मोठ्या बहिणीने, तेही सुखवस्तू बहिणीने, सही करून पेढा खाल्ल्यावर धाकटीला 'नाही' म्हणायला तोंड कुठे राहणार? ज्या बाईला त्या घरात सगळ्यात जास्त गरज, तिच्यावर सगळ्यात जास्त दाब येणार, आणि तो दाब आणणार ताईची उदारता. ताईला वाटत होतं की हक्क तिचा, सोडला तरी तिचाच. तिच्या सहीचं वजन दुसऱ्याच कुणावर पडणार होतं, आणि ती बाई या टेबलावर नव्हती.

मी ताईला फोन केला, माझं वाचन एकांगी झालं असं सांगितलं आणि पुन्हा यायला सांगितलं. त्याआधी वकिलाला भेटून या, असंही म्हटलं. पत्त्यांवर कायदा सांगणारे लोक मी पाहिलेत, आणि मला त्यांचा राग येतो.

कायद्याचा कागद

वकीलबाईंनी तिला जे सांगितलं ते ताईने एका पाठकोऱ्या कागदावर उतरवून आणलं. त्यातली एक गोष्ट मला अजून चटका लावते.

ताईचं लग्न 1993 च्या मे महिन्यातलं. महाराष्ट्राने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः मुलाबरोबरीचा हक्क दिला तो 22 जून 1994 पासून, आणि त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. धाकटीचं लग्न 1999 चं. म्हणजे एकाच आईच्या दोन मुली, पण अकरा वर्षं धाकटी सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार, आणि थोरली नाही, कारण थोरलीला वर्षभर आधी उजवली होती. पुढे केंद्राची दुरुस्ती आली, 9 सप्टेंबर 2005 पासून, तिने लग्नाची ती अट काढून टाकली. बाप त्या दिवशी हयात असायला हवा का, यावर कोर्टांत वेगवेगळी मतं चालली होती. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की तशी गरज नाही, हक्क जन्माने आहे. (बापाच्या स्वतःच्या वाट्यात मुलीला वारसा 1956 पासूनच होता. पण तो किती लेकींनी घेतला, हे आपल्या आत्यांना विचारावं.)

या तारखांशेजारी आणखी एक साल ठेवते. 1987. कल्याणच्या एका डॉक्टर लेकीवर वडिलांनी पोटगीचा दावा लावला होता. लग्न झालेल्या मुलीचीही आईबापांना सांभाळायची जबाबदारी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात ठरवलं. विजया अरबट खटला म्हणून तो ओळखला जातो. निकाल मला योग्यच वाटतो. पण क्रम बघा: सांभाळायची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीकडे 1987 ला पोचली, जन्माचा समान हक्क यायला त्यानंतर अठरा वर्षं लागली. ताईने हे ऐकल्यावर म्हणे वकीलबाईंना विचारलं, "मग आई आजारी पडली तर मी सही केलेली असली तरी…?" त्या म्हणाल्या, "सही जमिनीवरचा हक्क सोडते. आईवरची जबाबदारी सोडायचा फॉर्म नसतो."

हिशेब सोपा निघाला. जमीन वडिलोपार्जित धरा की वडिलांची स्वकष्टाची, या कुटुंबात दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं: चौघांना पाव-पाव. 4 एकर 20 गुंठे म्हणजे 180 गुंठे, प्रत्येकी 45. दोघी बहिणींनी सही केली तर भाऊ 135 वर जातो. हक्कसोडपत्र नोंदवलेलंच लागतं, साध्या कागदावरचं चालत नाही, आणि एकदा नोंदवलं की मन बदललं म्हणून फिरत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. कर्जासाठी मात्र त्याची गरजच नव्हती. संमतीपत्र किंवा तेवढ्यापुरतं मुखत्यारपत्र पुरलं असतं. दोन वर्षं भाऊ सह्यांसाठी पळत होता आणि हा सोपा रस्ता त्याला कुणी दाखवला नव्हता.

दुसरी बैठक

ताई आली तेव्हा जरा रागात होती. राग भावावर नव्हता. "तुम्ही म्हणालात द्या, आता म्हणताय थांबा." बरोबर होतं तिचं. मी आधी माफी मागितली, मग तेच चार पत्ते त्याच जागी मांडले. नवीन काढले नाहीत. पटलं नाही की पुन्हा पिसायचे, ही सवय लागली तर मग नाणेफेक काय वाईट?

"यात तो न्यायाचा पत्ता का नाही आला?" तिने विचारलं. मोबाइलवर बघून आली होती. नाही आला, एवढंच खरं होतं. मी संचातून जस्टिस शोधून काढला आणि चौघांच्या शेजारी ठेवला. लाल झगा, उजव्या हातात उभी तलवार, डाव्या हातात तराजू. जुन्या संचांत हा पत्ता आठवा असे, वेटने तो अकरावा केला. पण ताईने पाहिलं ते वेगळंच. "हिच्या डोळ्याला पट्टी नाही." गंमत अशी की नुकताच पेपरात फोटो येऊन गेला होता, सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती बसवली होती, डोळे उघडे आणि हातात तलवारीऐवजी संविधान. पामेलाबाईंनी ते डोळे 1909 लाच उघडे काढले होते.

"आता उघड्या डोळ्यांनी सांगा, सिक्स ऑफ पेंटॅकल्समध्ये धाकटी कुठे आहे?" ताईने बोट त्या रिकाम्या हाताच्या माणसावर ठेवलं आणि मागे घेतलं. मग जे बोलली त्याने माझंही दुसरं सरळसोट उत्तर मोडलं. "ते खरंय. पण तिने वाटा घेतला ना, तर तिचा नवरा सहा महिन्यांत विकायला लावंल. देणी फेडायला. जमीन जाईल आणि पैसा तिच्या हाताला पण लागायचा नाही."

म्हणजे हक्क राखला तरी तो धाकटीकडेच राहील याची खात्री नव्हती. भाऊ घेणार नाही तर नवरा घेणार. मी क्षणभर गप्प झाले. खरं सांगायचं तर या प्रकरणात मला सगळ्यात अवघड गेलं ते हेच, कारण 'बहिणींनो, हक्क घ्या' एवढं म्हणून मी मोकळी होऊ शकत नव्हते. पण म्हणून धाकटीच्या वतीने तिचा वाटा कुणाकडे सुरक्षित राहील हे ताईने ठरवायचं का? मी तिला विचारलं, तुम्ही हे धाकटीशी बोललात? बोलली नव्हती. दोन आठवडे वकील, मी, नवरा, मुलगा, पुण्यातल्या दोन मैत्रिणी, सगळ्यांशी बोलून झालं होतं. इचलकरंजीला फोन केला नव्हता.

"काय बोलू? ती म्हणंल, ताई, तू ठरव."

"म्हणू द्या. पण मग तुम्ही ठरवायचं नाही."

शेवटी चौथा पत्ता, जो मी पहिल्यांदा उरकला होता. टेन ऑफ पेंटॅकल्स. वाड्याची कमान, आत-बाहेर करणारं जोडपं, एक मूल, दोन कुत्री. आणि कडेला, कमानीच्या बाहेर, नक्षीदार झगा घालून बसलेला म्हातारा. चित्र नीट बघितलं तर लक्षात येतं की त्याच्याकडे कुणीच बघत नाही, कुत्री सोडून. ताईला मी काही सुचवलं नाही. चहा आणायला आत गेले. परत आले तर ती फाइलीतला सातबारा काढून बसली होती.

"आईचे पण 45 गुंठे आहेत," ती म्हणाली. "आमच्या कुणाच्या बोलण्यातच नाही आलं. भावाच्या नाही, माझ्या नाही. वकीलबाईंनी हिशेब केला तेव्हा मी लिहून घेतलं, पण वाचलं नाही."

आईला कुणी विचारलंच नव्हतं. ती दोन वेळ जेवते, पोथी वाचून घेते, तिला कशाला त्रास, हे सगळ्यांचं एकमत. तिची काळजी सगळेच करत होते, म्हणजे तिच्यावर जबाबदारीने वागत होते, आणि त्या वागण्यातच तिचा हक्क बसल्या जागी झाकला गेला होता.

भाऊबीज

पुढचं मी पाहिलेलं नाही, ताईने नंतर सांगितलं ते लिहिते.

तिने धाकटीला फोन केला. धाकटी खरंच म्हणाली, तू ठरव. ताईने नाही म्हटलं. दोन दिवसांनी धाकटीचा उलटा फोन आला, नवरा कामावर गेल्यावर. तिला विकायची नव्हती आणि सोडायचीही नव्हती. तिचं मागणं इतकं लहान होतं की ताई मला सांगताना ओशाळली: नाव राहू दे, आणि वर्षाचा थोडा खंड, म्हणजे जमीन कसण्याचा मोबदला, माझ्या एकटीच्या खात्यात यावा. पोरीच्या कॉलेजची फी.

भाऊबीजेला तिघं आईकडे जमली. ओवाळून झालं. भावाने दोघींच्या ताटात पैसे ठेवले, भावजयीने साड्या आणल्या होत्या, भारीतल्या. मग ताईने सांगितलं: सोसायटीचं संमतीपत्र उद्या सोमवारीच करून देते, पाच वर्षांचं, पुन्हा पुन्हा फेऱ्या नकोत. हक्कसोड नाही. माझ्या वाट्याचा खंड नको, तो आईच्या दवाखान्याला धर. धाकटीला मात्र तिच्या 45 गुंठ्यांचा दे.

भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एवढंच राहिलं होतं." भावजय मात्र बोलली, आणि ते ताईला लागलं: "अंथरूण काढताना वाटा नव्हता का कुणाचा?" ताईकडे त्याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. 45 गुंठ्यांत त्या दीड वर्षाचा हिशेब बसत नाही, आणि कायद्यात भावजय वारस नाही. या सगळ्या मांडणीत तिच्यासाठी मी जागाच ठेवली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. पाचवी जागा हवी होती.

सोमवारी संमतीपत्र झालं. ताई पुण्याला निघाली तेव्हा दरवर्षीसारखा चिवड्या-लाडवांचा डबा गाडीत ठेवला गेला नाही. मार्चमध्ये ऊसाचं बिल आल्यावर धाकटीच्या खात्यात पैसे आले, ठरल्यापेक्षा कमी, आणि फोन न करता. राखीला भावाने ताईला एका शब्दाचा मेसेज केला: 'मिळाली.' राखी टपालाने गेली होती.

आईचं राहिलं. भाऊबीजेच्या दुपारी बोलाचाली चालू असताना ती दाराशी बसून वाती वळत होती. सगळे गप्प झाल्यावर तिने विचारलं, "माझं नाव हाय का ह्यात?" ताईने सातबाऱ्याचा कागद तिच्यापुढे धरला. आईने चष्मा पुसला, बोट लावून एकेक ओळ वर सरकत गेली. नाव सापडलं तेव्हा बोट तिथेच ठेवून ती बसली. मग कागदाची चौघडी करून तिने तो आपल्या ट्रंकेत रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली.

पुढे सोसायटीत देण्यासाठी भावाला त्याची प्रत हवी होती. ऑनलाइन मिनिटात निघाली असती, पण तो आईकडे मागायला गेला. आईने कागद काढून दिला आणि म्हणाली, "झेरॉक्स काढून माघारी आण. मी बसत्ये हितंच."